फोंड्यातील इंग्रजीची एक शिकवणी: साहित्य उत्तम, निबंध चांगला, व्याकरण अपुरे

फोंडा बाजाराच्या गर्दीतून जरा आत शिरले की एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची शिकवणी चालते. तिला नाव नाही, दारावर पाटी नाही आणि वर्तमानपत्रात तिची जाहिरातही येत नाही. शिरोडा, बोरी, म्हार्दोळ, मडकई, उसगाव या भागांतून येणारी मुले तिला नुसते ‘टीचरांची ट्यूशन’ म्हणतात. माझी पुतणी गेले वर्षभर तेथे जात आहे, आणि मी स्वतः उच्च माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवीत असल्यामुळे टीचरांच्या परवानगीने काही तासांना मागच्या बाकावर बसून आलो आहे. गोव्यात इंग्रजीच्या शिकवण्यांना तोटा नाही. मात्र त्यांतील बहुतेक ठिकाणी इंग्रजी म्हणजे प्रश्नोत्तरांच्या झेरॉक्स प्रती, पत्रलेखनाचे साचे आणि परीक्षा जवळ आली की सराव-प्रश्नपत्रिकांचा रतीब असतो. येथे अभिजात ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले जातात, त्यांच्या भाषेची चिकित्सा होते आणि त्यातून निबंध लिहून घेतले जातात. पालकांना निर्णय घेण्यास उपयोग व्हावा म्हणून या शिकवणीचे गुण आणि उणिवा मी येथे नोंदवीत आहे.

टीचरांच्या अध्यापनाचा कणा एकच आहे. साहित्यकृतीविषयी केलेले कोणतेही विधान त्या कृतीतील ओळ दाखविल्याशिवाय वहीत राहू शकत नाही. ‘ब्रूटस सज्जन आहे’ असे कोणी म्हटले की लगेच प्रश्न येतो, ‘कुठे दिसते ते?’ आणि मूल पाने उलटू लागते. ओळ सापडली नाही, तर विधान खोडावे लागते. विरुद्ध अर्थाची ओळ सापडली, तर विधान बदलावे लागते. हे वाचायला सोपे वाटते. परंतु ज्या मुलांनी आठ-नऊ वर्षे ‘लेखकाला काय सांगायचे आहे’ या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकातून पाठ केलेले असते, त्यांना ही सवय लागायला एक अख्खे सत्र जाते, आणि त्या काळात घरी तक्रारीही होतात. आमच्याकडेही झाल्या.

गेल्या सत्रात वाचलेल्या शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’वरून ही पद्धत नीट समजते. हे नाटक 1599 च्या सुमाराचे आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये थॉमस प्लॅटर या स्विस प्रवाशाने लंडनमध्ये त्याचा प्रयोग पाहिला होता, आणि छापील स्वरूपात ते 1623 च्या ‘फोलिओ’ या नाट्यसंग्रहातून प्रथम वाचकांपुढे आले. कथानकाचा आधार प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाची चरित्रे, तीही थॉमस नॉर्थने 1579 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरातून घेतलेली. एवढी पार्श्वभूमी टीचर पहिल्या काही मिनिटांत सांगून मोकळ्या होतात. त्यानंतर काय होते हे पाहण्यासाठी तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशाचा तास बघावा. सीझरच्या वधानंतर ब्रूटस आणि अँटनी एकापाठोपाठ एक जनसमुदायापुढे बोलतात, ती दोन्ही भाषणे मुलांनी मोठ्याने वाचायची आणि कानाला काय फरक जाणवला एवढेच सांगायचे. दुसऱ्या की तिसऱ्या वाचनात एकीच्या लक्षात आले की ब्रूटस गद्यात बोलतो आणि अँटनी पद्यात. मग पुढचा प्रश्न: हे असे का असावे?

या एका प्रश्नावर दोन तास गेले, आणि माझ्या मते ते या शिकवणीतील सर्वोत्तम तास होते. ब्रूटसची वाक्ये तोलून-मापून रचलेली आहेत: सीझरवर माझे प्रेम कमी होते असे नाही, रोमवर अधिक होते, तो शूर होता म्हणून मी त्याचा मान राखतो, तो महत्त्वाकांक्षी होता म्हणून मी त्याला मारले. प्रत्येक वाक्याला कारण जोडलेले आहे, आणि शेवटी तो उत्तरासाठी थांबतो. लोकांच्या बुद्धीवर त्याचा विश्वास आहे. अँटनीचा तसा विश्वास नाही, किंवा त्याला त्याची गरज वाटत नाही. तो ‘ऑनरेबल’ हे विशेषण इतक्या वेळा उच्चारतो की त्याची स्तुती हळूहळू शिवी होते; सीझरने बंदिवानांच्या खंडणीने सार्वजनिक तिजोरी भरली, गरीब रडले तेव्हा तोही रडला, लुपरकाल या रोमन सणाच्या दिवशी तीनदा मुकुट नाकारला, अशी एकेक घटना तो मध्ये पेरतो; मृत्युपत्राचा उल्लेख करतो आणि ते वाचण्याचे टाळतो; व्यासपीठावरून खाली उतरतो, रक्ताने माखलेले वस्त्र उचलून दाखवतो आणि मगच प्रेत. मृत्युपत्रातील प्रत्येक नागरिकामागे 75 द्राख्मांची देणगी तो अगदी शेवटी जाहीर करतो. मुलांनी ही सारी उतरंड ओळींच्या आकड्यांसह वहीत मांडली.

पुढे चौथ्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात एक जागा येते. शत्रूंची यादी करीत बसलेला अँटनी लेपिडस या साथीदाराला सीझरच्या घरातून तेच मृत्युपत्र घेऊन यायला सांगतो, आणि हेतू असा की त्यातील देणग्यांना कात्री कशी लावता येईल हे ठरवावे. अवघ्या तीन ओळींची ही गोष्ट आहे. ज्या मृत्युपत्राने रोम पेटवले, ते आता खर्च वाचविण्यासाठी उघडले जात आहे. पाठ्यपुस्तकांत आणि मार्गदर्शकांत या नाटकाचा उतारा येतो तो बहुधा अँटनीच्या भाषणापाशीच संपतो, त्यामुळे त्यावरून अभ्यास करणाऱ्या मुलाच्या मनात अँटनी हा दुःखी आणि वक्तृत्वनिपुण मित्र म्हणूनच राहतो. संपूर्ण नाटक वाचल्याशिवाय तो प्रवेश भेटत नाही आणि तो भेटल्याशिवाय अँटनीवर लिहिलेला निबंध अर्धाच राहतो. अखंड वाचनासाठी इतका वेळ का द्यायचा, असे विचारणाऱ्या पालकांना मी हेच उदाहरण देतो.

फोंडा महालातील मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, बांदोडा या देवस्थानांच्या गावांत जत्रा-उत्सवांच्या निमित्ताने मराठी नाटके उभी राहतात, आणि या मुलांपैकी काहींनी त्यांत कामे केलेली असतात. तालीम म्हणजे काय, शब्द पडला की काय होते, मागच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोहोचवायचा हे त्यांना ठाऊक असते. अँटनीचे भाषण वाचताना एका अबोल मुलाने जी फेक केली ती ऐकून मी चकित झालो. नंतर कळले की तो लहानपणापासून गावच्या नाटकांत काम करतो. टीचरांनी त्याचे कौतुक केले, परंतु या अनुभवाचा अध्यापनात उपयोग करून घेतला नाही, आणि येथूनच माझ्या तक्रारीला सुरुवात होते.

मुले आपली मराठी या शिकवणीच्या पायरीवर चपलांबरोबर काढून ठेवतात. ‘वर्गात केवळ इंग्रजी’ हा नियम कडक आहे आणि त्यामागचा हेतू मी समजू शकतो. परंतु शेक्सपिअरच्या नाटकांना मराठीत दीडशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’ 1867 साली मराठीत आणले, आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’चे रूप आहे, देवलांच्या ‘झुंझारराव’ने ऑथेल्लोला मराठी वेष चढविला, ‘ज्युलिअस सीझर’चे भाषांतर तर मंगेश पाडगांवकरांसारख्या कवीने केले आहे. पाडगांवकरांनी अँटनीचे भाषण कसे हाताळले हे मूळ ओळींशेजारी ठेवून पाहिले असते, तर इंग्रजी ओळीत नेमके काय घडते हे मुलांना अधिक लवकर उमगले असते. दोन भाषांमध्ये वावरणाऱ्या मुलाला एका डोळ्याने वाचायला लावण्यात काय साधते, हे मला कळलेले नाही.

हा विषय गोव्यात विशेष जिव्हाळ्याचा आहे. ज्या 1579 साली नॉर्थचा प्लुटार्क इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला, त्याच साली थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पंथाचा इंग्रज धर्मोपदेशक गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला. त्याने दक्षिण गोव्यातील साष्टीत राहून येथील भाषा आत्मसात केल्या आणि ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ लिहिले, ते 1616 साली रायतूर येथे छापले गेले. शेक्सपिअरचा मृत्यूही त्याच वर्षीचा. म्हणजे शेक्सपिअरचा समकालीन असलेला एक इंग्रज माणूस या शिकवणीपासून फार दूर नसलेल्या जागी बसून मराठी ओव्या रचीत होता. अँटनीचे ब्लँक व्हर्स, म्हणजे यमक नसलेले पद्य, शिकवताना त्या काळच्या इंग्रज कानाला ओवीचा छंद कसा भावला असेल, यावर अर्धा तास खर्च केला असता तर तो वाया गेला नसता. असो, हा माझ्या व्यवसायाचा पक्षपात म्हणावा.

कादंबरीच्या तासांविषयी मात्र माझी काही तक्रार नाही. डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही डिसेंबर 1860 ते ऑगस्ट 1861 या काळात ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि टीचरही ती तशीच, दर आठवड्याला काही प्रकरणे या बेताने वाचून घेतात. पहिल्याच पानावर अनाथ पिप आईवडिलांच्या थडग्यांवरील अक्षरांच्या वळणावरून ते दिसायला कसे असतील याची कल्पना करतो. वडिलांच्या नावाची अक्षरे पाहून ते चौकोनी बांध्याचे, सावळे, कुरळ्या केसांचे असावेत असे त्याला वाटते. या परिच्छेदात बोलणारा कोण आहे, लहान पिप की मोठेपणी मागे वळून पाहणारा पिप, या प्रश्नावर मुले बराच वेळ भांडली. विनोद मोठ्या पिपचा आहे आणि विश्वास लहान पिपचा आहे, या निष्कर्षापर्यंत ती स्वतः पोहोचली. निवेदकाचा दुहेरी आवाज ही संकल्पना मी बारावीच्या मुलांना मराठी कथेच्या संदर्भात शिकवतो तेव्हा फळ्यावर व्याख्या लिहून देतो. येथे व्याख्या लिहिलीच गेली नाही आणि मुलांना ती कळली होती.

याच कादंबरीत पिपने ‘जो’ नावाच्या आपल्या मेहुण्याला पाटीवर लिहिलेले एक पत्र येते, त्यातील स्पेलिंगे कानाला ऐकू येईल तशी लिहिलेली आहेत आणि मोठी-लहान अक्षरे वाटेल तशी मिसळलेली आहेत. भाषाभ्यासाचा तास टीचरांनी या पत्रावरून सुरू केला. चूक झालेली प्रत्येक जागा शोधायची आणि ती चूक का झाली असावी याचे कारण द्यायचे. इंग्रजीत उच्चार आणि लेखन यांची फारकत किती आहे, शिकाऊ मूल कोणत्या नियमाने चुकते आणि डिकन्स या चुकांची थट्टा करतो की त्यांच्याकडे मायेने पाहतो, हे तिन्ही मुद्दे त्यातून निघाले. त्यानंतर मुलांनी आपापल्या परिसरातील इंग्रजी गोळा करून आणायची होती: बसमधील सूचना, बँकेचा अर्ज, पंचायतीची नोटीस, हॉटेलची जाहिरात, वर्तमानपत्राचे संपादकीय. एकाच गोष्टीसाठी प्रसंगानुसार भाषा कशी बदलते हे या नमुन्यांवरून दाखविण्यात आले. सरकारी नोटिशीत पॅसिव्ह व्हॉइस इतका का असतो आणि त्यामुळे काम करणारा वाक्यातून कसा गायब होतो, हे एकदा समजलेली मुलगी पुढे वर्तमानपत्र वेगळ्या रीतीने वाचते, असे मी घरात पाहतो आहे.

निबंधलेखन हा या शिकवणीचा तिसरा भाग आहे आणि बहुतेक पालक मुलांना त्यासाठीच पाठवतात. येथे पहिला मसुदा वर्गातच, हाताने, फोन पिशवीत ठेवून लिहावा लागतो. चॅटबॉटकडून निबंध लिहून आणण्याची सोय आज प्रत्येक मुलाच्या खिशात असताना हा नियम मला आवश्यक वाटतो. आधी प्रश्नातील प्रत्येक शब्दाचा अर्थ तपासायचा, मग आपले म्हणणे एका वाक्यात मांडायचे, ते वाक्य टीचरांनी मान्य केल्यावर त्याला आधार देणाऱ्या जागा कृतीतून निवडायच्या आणि त्यानंतरच परिच्छेद लिहायला घ्यायचे. अवतरण दिले की काम संपले असे नाही. त्या अवतरणातील कोणत्या शब्दामुळे आपले म्हणणे सिद्ध होते हे लिहावे लागते. ‘आजच्या धावपळीच्या युगात’ या अर्थाची इंग्रजी सुरुवात आणि शेवटी म्हण किंवा सुभाषित जोडण्याची पद्धत या दोहोंवर बंदी आहे. ही बंदी आमच्या मराठीच्या उत्तरपत्रिकांनाही लागू झाली तर परीक्षकांचे बरेच आयुष्य वाचेल.

‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’च्या शेवटावरचा निबंध हे या पद्धतीचे चांगले फळ होते. डिकन्सने आधी लिहिलेल्या शेवटात पिप आणि त्याचे जिच्यावर प्रेम आहे ती एस्टेला यांची लंडनच्या रस्त्यावर ओझरती भेट होते आणि ती दोघे दुरावलेलीच राहतात. बुल्वर-लिटन या मित्राच्या सूचनेवरून त्याने तो बदलला आणि एस्टेला जेथे वाढली त्या, आता उद्ध्वस्त झालेल्या सॅटिस हाउसच्या आवारात त्यांची भेट घडवून पुनर्मीलनाची शक्यता खुली ठेवली. मूळ शेवट वाचकांना कळला तो फॉर्स्टरने लिहिलेल्या डिकन्सच्या चरित्रातून, लेखकाच्या मृत्यूनंतर. कादंबरीला कोणता शेवट शोभतो हा प्रश्न होता. माझ्या पुतणीने पहिल्या मसुद्यात ‘सुखान्त वाचकांना आवडतो’ एवढेच लिहिले होते. ‘वाचकांना आवडतो हे कादंबरीत कुठे आहे?’ या शेऱ्यानंतर तिने एस्टेलाच्या स्वभावाविषयी तिला वाढविणाऱ्या मिस हॅव्हिशॅमच्या घरातील प्रसंग पुन्हा वाचले, आपले मत उलटवले आणि दुसरा मसुदा मूळ शेवटाच्या बाजूने लिहिला. तिचे मत मला पटले नाही, पण तिला ते खोडायला मला बराच वेळ लागला.

वर्णनात्मक निबंधातही हाच नियम लागू होतो आणि तेथेही त्याचा फायदा झालेला दिसतो. शेलीची ‘ओझिमँडिअस’ ही वाळवंटात भग्न पडलेल्या राजाच्या पुतळ्यावरची 1818 ची कविता वाचल्यावर मुलांना जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यावर लिहायला सांगितले होते. बहुतेकांनी पर्यटन-पत्रिकेतील विशेषणे उचलली: भव्य, दिव्य, वैभवशाली. टीचरांनी ती सगळी खोडून फक्त विचारले की आज तेथे उभे काय आहे आणि पडले काय आहे. मग मुलांनी शोधले की चर्चचे छत 1842 साली कोसळले, 1931 साली दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला, आणि येथली घंटा आता पणजीच्या चर्चवर आहे. जांभ्या दगडाचा जो उभा तुकडा उरला आहे त्याचे वर्णन या माहितीसह लिहिल्यावर विशेषणांची गरज भासली नाही. शेलीच्या कवितेत कवी एका प्रवाशाचे ऐकतो आणि तो प्रवासी शिलालेख वाचून दाखवतो, असे तीन आवाज एकात एक बसविलेले आहेत. दोन मुलांनी आपल्या निबंधात तेथील वाटाड्याचा आवाज घालून तसा प्रयत्न केला, हे मला विशेष आवडले.

विचारप्रधान निबंधात मात्र या पद्धतीची दुसरी बाजू दिसू लागते. वर्षअखेरीस मुलांच्या वह्या चाळल्या तेव्हा परिच्छेदामागून परिच्छेद एकाच घडणीचे आढळले: विधान, अवतरण, भाष्य, पुन्हा विधान. मोंतेन्यचे 1580 चे आणि बेकनचे 1597 चे निबंध या घडणीत बसत नाहीत. 1874 पासून निघालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकर जो आवेश, उपहास आणि विषयांतर वापरतात, ते येथे लाल शाईखाली गेले असते. नववीच्या मुलाला आधी शिस्त हवी हे खरे. पण बारावीच्या मुलाला ती मोडण्याची मुभा मिळायला हवी, आणि ती मिळत नाही. टीचरांशी यावर बोललो तेव्हा त्यांनी परीक्षकांचे कारण सांगितले, ते व्यवहाराला धरून असले तरी मला पुरेसे वाटले नाही.

आता सर्वांत मोठी उणीव. गोव्यातील सरकारी प्राथमिक शाळा प्रामुख्याने मराठी आणि कोंकणी माध्यमाच्या आहेत, आणि चौथीपर्यंत तेथे शिकलेले मूल पाचवीत बहुधा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. प्राथमिक स्तरावरील माध्यमाच्या प्रश्नावर 2011 साली किती वादळ उठले होते ते सर्वांना आठवत असेल, त्यात येथे शिरत नाही. मुद्दा असा की या शिकवणीत दोन प्रकारची मुले एकाच बाकावर बसतात. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलले जाते, त्यांच्या व्याकरणाच्या चुका विखुरलेल्या आणि किरकोळ असतात. मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्यांच्या चुका ठरलेल्या आणि आधीच सांगता येतील अशा असतात. टीचर दोघांच्याही चुकांखाली सारखीच लाल रेघ ओढतात आणि घरी व्याकरणाचे पुस्तक पाहायला सांगतात.

या चुकांचे मूळ मराठीच्या वाक्यरचनेत आहे, म्हणून काही उदाहरणे देतो. आपल्याकडे ‘जरी’ आला की ‘तरी’ येतोच. म्हणून मूल ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू करते आणि मध्ये ‘बट’ घालते. ‘मी काल म्हापशाला गेलो होतो’ हे मराठीत सहज वाक्य आहे. तेच ‘आय हॅड गॉन’ होऊन इंग्रजीत उतरते, जेथे साधा भूतकाळ पुरे होता. ‘तो म्हणाला की मी येतो’ यातील ‘मी’ म्हणजे बोलणारा तो, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही, पण इंग्रजीत तोच ‘आय’ ठेवला तर येणारा माणूसच बदलतो. आणि प्रयोगांचा घोटाळा तर नेहमीचाच आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद आंब्याप्रमाणे चालते. मुलाने ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ असे समीकरण पाठ केलेले असले की या वाक्याचे इंग्रजी करताना ते अडखळते, कारण इंग्रजीत हे सरळ ॲक्टिव्ह वाक्य आहे. इंग्रजीतील ‘अ’ आणि ‘द’ यांच्यासाठी मराठीत जागाच नसल्याने ती कुठे घालायची हे मूल अंदाजाने ठरवते. यांपैकी एकही गोष्ट लाल रेघेने समजत नाही. दोन्ही भाषांची वाक्ये शेजारी मांडून दाखविली, तर बरीचशी एका सत्रात आटोक्यात येते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. पंचायतीच्या नोटिशीतील पॅसिव्ह इतक्या कुशलतेने उलगडून दाखविणाऱ्या टीचरांनी तेच कसब मुलांच्या स्वतःच्या वाक्यांवर वापरू नये, हे मला सर्वाधिक खटकले.

याचा परिणाम निबंधाच्या गुणांवर होतो. मुलाचा विचार चांगला असतो, पुरावा नेमका असतो, आणि वाक्य मोडते. घरी इंग्रजी असलेल्या मुलांची प्रगती वर्षभरात जितकी दिसते तितकी इतरांची दिसत नाही, आणि त्यातील काही मुले दिवाळीनंतर येणे बंद करतात. त्यांच्या पालकांना वाटते की साहित्य आपल्या मुलाला झेपले नाही, जेव्हा अडचण साहित्याची नसते.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. शुल्क फोंड्यात गणित-विज्ञानाच्या शिकवणीला जे द्यावे लागते त्याहून बरेच कमी आहे. तुकडी लहान असते, वर्ग आठवड्यातून दोनदा संध्याकाळी भरतो, आणि दूरच्या गावच्या मुलांना कदंब या राज्य परिवहनाची बस गाठायची म्हणून शेवटची दहा मिनिटे अनेकदा कापली जातात. बोर्डाच्या परीक्षेत विचारले जाणारे पत्र, अहवाल, नोटीस यांसारखे लेखनप्रकार शेवटच्या दोन महिन्यांत घाईने उरकले जातात. केवळ गुणांसाठी शिकवणी लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पुस्तके स्वतः आणावी लागतात आणि संक्षिप्त आवृत्ती चालत नाही. प्रत्येकाच्या हाती वेगळ्या प्रकाशकाची प्रत असल्याने पानांचे आकडे जुळत नाहीत; नाटकात अंक आणि प्रवेश, कादंबरीत प्रकरण सांगून काम भागवले जाते, तरी तासाची काही मिनिटे शोधाशोधीत जातात. एकच आवृत्ती ठरवून दिली तर हे टळेल. ज्यांना विकत घेणे जमत नाही त्यांच्यासाठी या जुन्या ग्रंथांचे संपूर्ण पाठ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत उपलब्ध आहेत, आणि पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा पर्यायही आहे.

ज्या मुलाला वाचनाची थोडी तरी ओढ आहे आणि ज्याच्यासमोर बोर्डाच्या परीक्षेपूर्वी किमान दोन वर्षे आहेत, त्याला येथे निःशंकपणे पाठवावे. नववीत प्रवेश घेणे सर्वांत चांगले. दहावी किंवा बारावीच्या वर्षी पहिल्यांदा येणाऱ्याला ही शिकवणी फारशी उपयोगी पडणार नाही. मराठी किंवा कोंकणी प्राथमिक शाळेतून आलेल्या मुलाच्या पालकांनी प्रवेशाच्या वेळीच व्याकरणाविषयी स्पष्ट विचारावे आणि शक्य असल्यास त्यासाठी घरी किंवा अन्यत्र स्वतंत्र व्यवस्था करावी. हे सारे मी टीचरांना लेखी दिले आहे. येत्या जूनपासून अशा मुलांसाठी आठवड्यातून एक तास वेगळा ठेवण्याचा आणि त्या तासापुरता मराठीचा वापर करण्याचा विचार त्यांनी बोलून दाखविला. मराठी वाक्यांचे नमुने पुरविण्याचे काम मी अंगावर घेतले आहे, आणि पुतणीची दहावी सुरू होण्यापूर्वी त्याचा पहिला संच त्यांच्या हाती जाईल.